पर्यावरण-लेखनातले गाळलेले हात

मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पर्यावरणावर पुष्कळ लिहिले गेले. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, दिवाळी अंकांतले विशेष विभाग, महाविद्यालयांतली भित्तिपत्रके, शिबिरांतली भाषणे असा या लेखनाचा मोठा पसारा आहे. त्यात समुद्रकासव आणि प्लास्टिक हा विषय अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. लोकांनी एकत्र येऊन किनारे साफ करावेत, प्लास्टिक गोळा करून त्याच्यापासून पुन्हा वस्तू कराव्यात आणि समुद्रातले जीव वाचवावेत, असा या लेखनाचा सर्वसाधारण आशय असतो. या आशयाशी माझे भांडण नाही. समुद्र वाचला पाहिजे, कासवही वाचले पाहिजे. या लेखनाने जो माणूस गाळला आहे त्याच्याविषयी मात्र भांडण आहे. हे गाळणे कदाचित अनवधानाने होत असेल. पण अनवधानालाही आपल्या समाजात एक परंपरा असते, आणि ती परंपरा तपासणे हे टीकेचे काम आहे.

हिंगोली जिल्ह्यात बसून समुद्राविषयी लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्यावर. पण नदी आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा येलदरीच्या धरणात अडते, तिथून सिद्धेश्वरच्या धरणात येते, आणि पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्रात जाते आणि राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या बाजूला, कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे, आणि तिथल्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. म्हणजे सिद्धेश्वरच्या काठावर फेकलेल्या पुडीचा आणि त्या कासवाचा संबंध भूगोलाने जोडलेला आहे. प्रत्येक पुडी तिथवर पोचते असे नाही. वाटेत विष्णुपुरी आहे, बाभळी आहे, श्रीरामसागर आहे. पुष्कळ कचरा तिथल्या गाळात बसतो. पण पावसाळ्यात धरणांचे दरवाजे उघडतात तेव्हा पाणी आपल्याबरोबर काय काय नेते, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. प्रसंग लहान आहे, पण या लेखाचे मूळ त्यात आहे.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाचे हिवाळी शिबिर सिद्धेश्वरला होते. मला व्याख्यानाला बोलावले होते. शिबिराचा विषय 'नदी ते सागर स्वच्छता' असा होता. मंडपाच्या मागे कासवाचे मोठे रंगीत चित्र लावलेले, त्याच्या गळ्यात प्लास्टिकची पिशवी अडकलेली, आणि खाली 'मला वाचवा' असे शब्द. सकाळी मुला-मुलींनी धरणाच्या काठावरचा कचरा उत्साहाने गोळा केला. सहलीला येणारी माणसे तिथे जेवतात, पितात आणि जातात; त्यामुळे कचऱ्याला तोटा नव्हता. पाण्याच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, द्रोण-पत्रावळी, फाटक्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे असा एक ढीग झाला. ढिगाशेजारी उभे राहून फोटो काढले गेले. मग कोणीतरी आगपेटी आणली.

त्या वेळी पाठीवर पोते घेतलेली एक बाई लांबून धावत आली. "ओ सर, जाळू नका की ते. बाटल्या तेवढ्या मला घेऊ द्या," ती म्हणाली. मुलांनी आगपेटी बाजूला ठेवली. ती खाली बसली आणि तिचे हात चालू लागले. ढिगातून बाटल्या एकीकडे, झाकणे एकीकडे, काच एकीकडे, पत्रा एकीकडे. पाव तासात तिने ढिगाचे चार ढीग केले आणि पाचवा तसाच ठेवला. पुड्यांचा आणि पाकिटांचा. मी विचारले, हे का नाही घेत? ती म्हणाली, "त्याला कोन घेतं सर? बाटलीला भाव हाय, पुडीला न्हाई. किलोभर व्हायला दिवस जाईल, अन् दुकानदार वर हसंल." एका मुलीने तिला कासवाचे चित्र दाखवून समुद्राची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाली, "कासव इथं बी हाय की लेकरा. भोयाच्या जाळ्यात येतं कव्हा कव्हा."

पोती भरून ती गेली. उरलेला ढीग मुलांनी जाळला. संध्याकाळी शिबिराचा अहवाल लिहिला गेला. विद्यार्थ्यांनी धरणाचा काठ स्वच्छ केला, असे त्यात होते. गोळा केलेल्या कचऱ्याची योग्य विल्हेवाट लावण्यात आली, असेही होते. बाई अहवालात नव्हती.

या दोन वाक्यांकडे थोडे लक्ष द्यावे. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. 'करण्यात आले', 'लावण्यात आली', 'पाठवण्यात आले' हे मराठीतले सरकारी क्रियापद कर्त्याला गिळून टाकते. पर्यावरण-लेखन वाचताना मी मुद्दाम ही खूण शोधत गेलो. किनारा साफ करणाऱ्याला या लेखनात नाव असते, व्यवसाय असतो, गाव असते. पण गोळा केलेले प्लास्टिक पुढे निवडणारा, धुणारा, वजन करणारा, दळणारा कोण, असे विचारले की वाक्य एकदम 'पुनर्प्रक्रियेसाठी पाठवण्यात आले' असे होते. 'प्रक्रिया' या शब्दात एक यंत्र दिसते, एक निर्जंतुक कारखाना दिसतो. त्या यंत्राच्या अलीकडे हजारो हात आहेत आणि त्या हातांना जात आहे, हे वाचकाला कळण्याची सोय त्या वाक्यात ठेवलेली नाही.

आता नावांचा प्रश्न घेऊ. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर पाच कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्यात आली. ती कुठे जातात, कशी जगतात याचा अभ्यास करायचा होता. त्यांना नावे दिली गेली. वेळासच्या कासवाला प्रथमा, आंजर्ल्याच्या कासवाला सावनी, शिवाय वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा आल्या. नावे सुंदर आहेत. त्यांच्या प्रवासाच्या बातम्या लोकांनी माहेरी निघालेल्या लेकीची खबर घ्यावी तशा वाचल्या. शास्त्रज्ञांचे हे काम मोलाचे आहे. त्यातून आणि आधीपासून चालत आलेल्या खुणांच्या पद्धतीतून आपल्याला कळले की समुद्राला पूर्व-पश्चिम नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेले एक कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडले. म्हणजे गोदावरीच्या मुखासमोरून पोहणारे कासव कोकणात येऊ शकते. पूर्णेचे पाणी पूर्वेला जाते म्हणून कोकणाशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

पण ज्या समाजाला कासवाचे नाव ठेवताना रागदारी आठवते, त्याला कचरा वेचणाऱ्या बाईचे नाव विचारणे का सुचत नाही? शिबिरातली मुले तिला 'मावशी' म्हणाली. शहरातल्या सोसायट्यांतही तिला मावशीच म्हणतात. नाते जोडणारा हा शब्द येथे नाव टाळण्याच्या कामी येतो. आणि दुसऱ्याचे दोष दाखवताना माझाही सांगितला पाहिजे. तिच्याशी मी अर्धा तास बोललो, तिचे शब्द वहीत टिपले, आणि तिचे नाव विचारले नाही. परतताना बसमध्ये हे ध्यानात आले. म्हणजे गाळण्याची ही सवय लिहिणाऱ्या माझ्याही हातात आहे.

या लेखनाचा आवडता शब्द 'श्रमदान' आहे. दान ज्याच्याजवळ काही शिल्लक असते तो करतो. जो आठवडाभर कचेरीत बसतो आणि रविवारी दोन तास वाळूत वाकतो, त्याचे श्रम दान होतात, त्याचे कौतुक होते. जी बाई रोज पहाटेपासून वाकते तिच्या श्रमांना दान म्हणता येत नाही, कारण तिला पोट भरायचे आहे. आणि नोकरीही म्हणता येत नाही, कारण तिला कोणी नेमलेले नाही. मग तिच्या श्रमांना शब्दच उरत नाही. आमच्या पूर्वजांच्या वाट्याला आलेली वेठ अशीच होती. गावाचे मेलेले ढोर ओढणे हे काम होते, पण त्याला कामाची प्रतिष्ठा नव्हती आणि कामाचे दामही नव्हते. ते 'कर्तव्य' होते.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली. हजारो माणसे त्यांच्यामागे आली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले दिसली. ही गोष्ट मोठी आहे आणि ती हलकी करण्याचा माझा हेतू नाही. मध्यमवर्गीय माणूस हात घाण करायला तयार झाला, ही भारतात सामान्य घटना नव्हे. मात्र या गोष्टीचे वर्णन करणाऱ्या लेखनाने एक प्रश्न विचारायला हवा होता. तोच कचरा तोच हात घालून उचलल्यावर एकाला गौरव मिळतो आणि दुसऱ्याला विटाळ लागतो, हे कसे? कचरा दोघांनाही सारखाच लागतो. तेव्हा फरक कचऱ्यात नसून हातांच्या जन्मात आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात दाखवून दिले की जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. कचऱ्याइतके त्याचे उघडे उदाहरण आज दुसरे सापडणार नाही.

दुसरा मुद्दा अर्थशास्त्राचा आहे, आणि तो सिद्धेश्वरच्या त्या बाईनेच मला शिकवला. बाटलीला भाव आहे, पुडीला नाही. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, तुटकी बादली यांना भंगाराच्या दुकानात गिऱ्हाईक असते. गुटख्याची पुडी, वेफर्सचे पाकीट, शाम्पूची चिमुकली पिशवी यांच्यात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून दुकानदार ते घेत नाही, म्हणून वेचणारी ते उचलत नाही, म्हणून ते ओढ्यात, नदीत आणि शेवटी समुद्रात जाते. पातळ पिशव्यांचेही तेच. तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. एकदा गिळलेले त्याला सहजी ओकता येत नाही. तेव्हा कासवाच्या पोटात जे सापडते ते बहुतेक भंगारबाजाराने नाकारलेले असते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. जे समुद्रात गेले नाही, ते पुष्कळसे या बायांनी वाटेत अडवले म्हणून गेले नाही. शहरोशहरी, धरणकाठी, रेल्वेरुळांच्या कडेने पोते घेऊन हिंडणाऱ्या बाईने किती बाटल्या समुद्रापासून दूर ठेवल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तिने तो हिशेब वजनकाट्यावर मांडला, आणि दुकानदाराने जो भाव दिला तोच तिच्या सागररक्षणाचा मोबदला.

समुद्रातला जीव वाचवण्याची किंमत गरिबाने एकट्याने सोसू नये हे तत्त्व आपल्या राज्याला अगदीच परके नाही. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडावे आणि त्या नुकसानीपोटी त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी, अशी योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे कासव महोत्सव भरवला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहू लागले, गावाला चार पैसे मिळू लागले. कासव आणि माणूस यांचे पोट एकमेकांना बांधले तेव्हाच कासव वाचले. मग वेचणाऱ्या बाईच्या बाबतीत हे तत्त्व का लागू नाही? तिने पुडी उचलावी असे वाटत असेल तर पुडीला भाव द्या. तो भाव पुडी काढणाऱ्या कंपनीकडून घ्या. प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०१६ पासून आहेत. त्या नियमांतला पैसा पोत्यापर्यंत किती पोचतो, हा प्रश्न पर्यावरण-लेखकाने विचारला पाहिजे. तो विचारत नाही, कारण त्याच्या लेखनात पोतेच नाही.

पण मराठी साहित्यात ते पोते नाही असे मात्र नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यातला मुंबईचा कावाखाना आठवावा. घरातल्या बाया दिवसभर रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काच, लोखंडाचे तुकडे गोळा करतात, घरी आणून निवडतात आणि दुकानात विकतात. 'पुनर्चक्रीकरण' हा जडजंबाल शब्द मराठीत रुळण्याच्या पुष्कळ आधी त्याचे खरे वर्णन दलित आत्मकथनात येऊन गेले होते. ते वाचताना समीक्षकांनी दारिद्र्य पाहिले, भाषेचा रोखठोकपणा पाहिला, समाजशास्त्रीय दस्तऐवज पाहिला. त्या बाया एका महानगराचा फेकलेला माल पुन्हा उत्पादनात आणून सोडत होत्या, म्हणजे नगराच्या जगण्याचा एक आवश्यक भाग होत्या, हे कोणी पाहिले नाही. दलित साहित्याला 'वेदनेचे साहित्य' म्हणून एका खणात ठेवले की त्यातले ज्ञान दिसेनासे होते. वेचणाऱ्या बाईला प्लास्टिक वाकवून, त्याचा आवाज ऐकून, प्रसंगी टोक जाळून वास घेऊन त्याची जात कळते. प्लास्टिकची जात म्हणतो मी. तिथे हा शब्द निरुपद्रवी आहे. 'कडक' वेगळे, 'फुगा' वेगळा, दुधाची पिशवी वेगळी, ही तिची परिभाषा आहे. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे पक्षिकोशात आणली, आणि त्या नावांनी मराठी भाषा श्रीमंत झाली. उकिरड्यावरच्या माणसांच्या तोंडचे शब्द कोशात कोण आणणार?

अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे. खाणीतले काम सुटलेला भीमा मढ्यांच्या राखेतून आणि प्रेतांच्या तोंडातून सोन्याचे कण काढून पोट भरतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारा माणूस आता दगड फोडू शकत नाही. ही कथा मी आता भीषणतेसाठी वाचत नाही. समाजाने मेलेले म्हणून टाकून दिलेल्यातही मोल असते, ते मोल उकरून काढणारा माणूस वेगळाच असतो, आणि त्या उकरण्याची किंमत तो आपल्या शरीराने देतो, हे अण्णा भाऊंनी सांगितले. काचेने कापलेली, सुयांनी टोचलेली, जखमांत घाण गेलेली वेचणाऱ्या बाईची बोटे भीमाच्याच बोटांच्या नात्यातली आहेत. पर्यावरण-लेखकाला 'कचऱ्यातून सोने' ही घोषणा फार आवडते. त्याने एकदा भीमाची गोष्ट वाचावी आणि मग ती घोषणा लिहून पाहावी.

येथवर प्रस्थापित लेखनावर टीका झाली. आता स्वतःच्या अंगणात आले पाहिजे, कारण अवघड प्रश्न तिथे आहे.

मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले की मेलेली ढोरे ओढणे सोडा, उष्टे-मेलेले खाणे सोडा. घाणीचे काम आणि माणसाचा जन्म यांना बांधणारा दोर तोडण्याचा तो आदेश होता. आमच्या पिढ्यांनी तो पाळला, उपास काढून पाळला. मग आज कचरा वेचणाऱ्या आमच्याच बहिणीला 'तू सागराची रक्षक आहेस' असे म्हणून तिचा सत्कार करायचा की 'हे काम सोड' असे सांगायचे? आमच्या चळवळीतल्या पुष्कळांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो, म्हणून ते त्या बाईकडे पाहत नाहीत. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आमच्या माणसांना ती आपल्या मागे टाकलेल्या घराची आठवण करून देते. तेव्हा तिला गाळण्यात आमचाही वाटा आहे.

गोड नावाने फसायचे नाही, हे मात्र पक्के. अस्पृश्यांना 'हरिजन' हे नाव मिळाले तेव्हा नाव बदलले, झाडू बदलला नाही. 'पर्यावरणरक्षक', 'स्वच्छतादूत', 'हरितयोद्धा' ही त्याच कुळातली नावे ठरू शकतात. सत्काराची शाल देऊन कामाचे दाम चुकवण्याची युक्ती आपल्या देशाला जुनी आहे.

या पेचातून वाट काढली ती स्वतः वेचणाऱ्या बायांनी. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांचा मेळावा भरला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायांपैकी बहुतेक दलित. पुष्कळ जणी १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या कुटुंबांतल्या, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्याही. दुष्काळाचे ते वर्ष दलित पँथरच्या जन्माचे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचेही. समुद्रकासव आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गाव सोडून शहराच्या कचराकुंडीवर आलेल्या बाईसाठी मात्र कोणतीच अनुसूची नव्हती. पंचायतीने तिच्यासाठी पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. कासवाच्या पाठीवर खूण बसली त्याच्या कितीतरी आधी या बायांनी गळ्यात आपल्या नावाचे कार्ड मिळवले होते. पोलिसाने चोर म्हणून अडवले तर दाखवायला. २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. दारोदार कचरा घेणे हे काम झाले, त्याला घरागणिक शुल्क ठरले, आणि कुंडीत उतरण्याची पाळी पुष्कळ जणींवरून टळली. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. तुमचा माल आहे, तुम्ही बघा. मराठी पर्यावरण-लेखनाने गाळलेला कर्ता या एका कृतीने वाक्यात परत आला. घाण आमची नव्हे, ती निर्माण करणाऱ्याची आहे, असे त्या बायांनी सांगितले. महाडच्या आदेशाचा यापेक्षा चांगला अर्थ मला माहीत नाही. काम सोडणे हा स्वाभिमान आहेच. पण कामाला चिकटवलेला विटाळ उचकटून तो त्याच्या मालकाच्या दारात टाकणे हाही स्वाभिमानच आहे.

याचा अर्थ सगळे सुरळीत झाले असे नाही. २०२० च्या अखेरीस तो करार संपला तेव्हा बायांना मुदतवाढीवर दिवस काढावे लागले. मोठ्या गाड्या आणि मोठे ठेकेदार यांचे आकर्षण सगळ्या नगरपालिकांना असते. ठेकेदाराची गाडी कचरा दाबून नेते; निवडलेला माल त्यात मरतो आणि वेचणारीचे पोटही. आणि हे सगळे पुण्याचे. औंढा नागनाथला, हिंगोलीला, सिद्धेश्वरला पोते घेतलेल्या बाईला ना पंचायत आहे ना कार्ड.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. समुद्रातले जीव वाचवण्यासाठी लोकांनी प्लास्टिक गोळा करावे, ही हाक देणाऱ्याने आधी पाहावे की ते गोळा करणारे लोक पूर्वीपासून कामावर आहेत. त्यांना कार्ड, जागा, हातमोजे, दवाखाना आणि न विकणाऱ्या कचऱ्याचाही भाव मिळवून देणे हे किनारा साफ करण्याइतकेच समुद्राचे काम आहे. आणि त्यांच्या मुलांना दुसरे काम निवडण्याची मोकळीक नसेल तर वरचे सगळे देऊनही वतनच टिकेल, फक्त रंगीत होऊन. आपल्या लेखकांनी या बाईला दयेच्या खणातून काढून ज्ञानाच्या आणि हक्काच्या भाषेत लिहावे. शिक्षकांनी शिबिराच्या अहवालात 'करण्यात आले' हे क्रियापद खोडावे आणि कर्ता लिहावा. एवढे करायला अनुदान लागत नाही.

सिद्धेश्वरपासून औंढा लांब नाही. तिथल्या देवळाची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेवाला कीर्तनाला समोर उभे राहू दिले नाही, तो मागे जाऊन गाऊ लागला, तेव्हा देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले म्हणतात. आपला चमत्कारावर विश्वास नाही. देवळे आपोआप फिरत नाहीत. पण मागे उभ्या केलेल्या माणसाकडे तोंड फिरवले पाहिजे, ही त्या कथेतली मागणी खरी आहे, आणि ती माणसांनीच पुरी करायची आहे.

पुढच्या हिवाळ्यात त्या शिबिराला पुन्हा जायचे ठरवले आहे. या वेळी मुलांना सांगणार आहे की ढीग करण्याआधी तिला बोलवा, कसे निवडायचे ते तिच्याकडून शिका, आणि व्याख्यात्याला जे मानधन देता तेच तिला द्या. आणि अहवालात तिचे नाव लिहा. तिला विचारून, तिने सांगितले तर.